गिरगाव ते लालबाग: एका नारिंगी दिव्याच्या मागे

ईरा आणि निहाल, तुमच्या डोंगरांच्या सहलीचं वर्णन मिळालं. सहा दिवस, दोन अस्वलं, एक गोठलेलं सरोवर आणि रस्त्यात कुठेही खड्डा नाही. वाचून आनंद झाला. त्याच आठवड्यात मीही प्रवासाला गेले होते. माझा पल्ला तुमच्याइतका मोठा नव्हता. गिरगावातून निघून दादर करून लालबागला पोहोचायचं, एवढाच. त्याला चार दिवस लागले. अस्वल भेटलं नाही. बाकी सगळं भेटलं.

निमित्त तुम्हीच. रविवारी मी आपली पांढरी गाडी धुतली आणि ती किती चकचकीत दिसते हे तुम्हाला दाखवायला व्हिडिओ कॉल लावून फोन गाडीत नेला. गाडी चालू केली, तर निहालपेक्षा मोठ्याने ईरा ओरडली, "आजी, तो नारिंगी दिवा कसला?" मला वाटलं, काचेवरचं ऊन आहे. वाकून पाहिलं तर खरंच दिवा होता. इंजिनाच्या चित्राचा, वाटाण्याएवढा.

मग तुमच्या बाबांनी फोन हातात घेतला आणि मीटिंगमधल्या आवाजात सांगितलं, "आई, गाडी वीस वर्षांच्या पुढची आहे, तू पंचाहत्तरीच्या पुढची. इंजिनाचा दिवा लागला म्हणजे विषय संपला. शनिवारी मी जुन्या गाड्या घेणाऱ्या माणसाला पाठवतो."

मी म्हटलं, "दिवा काय म्हणतोय ते आधी कळू दे. किरकोळ असलं तर गाडी राहील. मोठं असलं तर मी स्वतः चावी देईन."

"लेखी दे," ते म्हणाले. मुलगा माझाच आहे. मी लेखी दिलं.

आता ही गाडी मला कशाला हवी, हे तुम्हाला माहीत हवं. माझी मोठी बहीण सुमनताई माझगावला राहते आणि वॉकर घेऊन चालते. दर सोमवारी मी तिला गाडीत घालून समुद्राच्या वाऱ्याला नेते. ती दीड तास बसते, सगळ्या जगाला नावं ठेवते आणि ताजीतवानी होऊन घरी जाते. टॅक्सी मिळते, नाही असं नाही; पण वॉकर दिसला की टॅक्सीवाल्याला नेमकं जेवायला जायचं असतं. गाडी गेली तर सुमनताईचा आठवडा सातही दिवस खिडकीतच जाणार होता.

सोमवार: खोताची वाडी आणि माझगाव

पहिला मुक्काम घरापासून चारशे पावलांवर. खोताच्या वाडीच्या तोंडाशी फेलिक्स आहे. पूर्वी बोटीवर इंजिनांची कामं करायचा, आता निवृत्त. पण त्या आळीत कुणाचंही काही बंद पडलं की त्यालाच हाक जाते. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत त्याने बॉनेट उघडलं, पान्याने बॅटरीची तार सोडवली, आत जाऊन कॉफी केली, मला दिली, स्वतः घेतली आणि तार परत बसवली.

"चालू करा, आंटी."

दिवा गेला होता.

"काय झालं होतं?" मी विचारलं.

"काय म्हायत नाय. पण गेला ना?"

प्रवासात माणसाने स्थानिक चालीरीतींचा आदर करावा, म्हणून मी आभार मानले आणि माझगावला गेले. सुमनताई गाडीत बसली, वॉकर मागे गेला, आम्ही डॉकयार्डाच्या भिंतीपर्यंत पोहोचलो आणि रस्त्यावरच्या एका गचक्यासरशी दिवा पुन्हा लागला.

"तुझी गाडी आणि तुझा मुलगा, दोघांनाही सारखं काहीतरी सांगायचं असतं," सुमनताई म्हणाली. "ऐकून तरी घे काय म्हणते ते."

परत आल्यावर फेलिक्सला गाठलं. त्याने मोकळेपणाने सगळं समजावलं. गाडीत एक छोटा मेंदू असतो. कुठे काही बिघडलं की तो त्याचा नंबर लक्षात ठेवतो आणि दिवा लावतो. बॅटरी काढली की मेंदू सगळं विसरतो, नंबरही आणि दिवाही.

"म्हणजे तू तक्रार न वाचताच फाडलीस?"

"आंटी, सगळे तेच करतात. गिऱ्हाइकाला दिवा गेलेला पायजे, नंबर कोणाला पायजे?"

मी पस्तीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. उत्तरपत्रिका न तपासता शेरा मारणाऱ्यांची जात मला माहीत होती. ती गाड्यांच्या धंद्यातही आहे हे नव्याने कळलं. "मला नंबर हवा," मी म्हटलं.

फेलिक्सने डोकं खाजवलं. "मग मशीनवाल्याकडे जा दादरला. नायतर लालबागला परब आहेत, तात्या. गिरणीत इलेक्ट्रिशियन होते, मग गाड्यांच्या वायरिंगमध्ये आले. जुना मानूस. पन आधी मशीन बघा, मॉडर्न हाय."

बुधवार: दादर

दादर म्हणजे आम्हा गिरगावकरांच्या दृष्टीने परदेश. तिथले लोक आपल्यासारखंच मराठी बोलतात, पण ते स्वतः किती नीट बोलतात हे त्यांना ठाऊक असतं. गॅरेज वातानुकूलित होतं. सोफा, पिण्याच्या पाण्याचं यंत्र आणि भिंतीवर इंग्रजीत 'आम्ही ऐकतो' अशी पाटी. (इतकी मोठी अक्षरं होती, की दारातूनच वाचता आली.) मालकांचं नाव साने. सदऱ्याला एक डाग नाही; हा माणूस गाड्या दुरुस्त करतो की त्यांच्यावर व्याख्यानं देतो, असा प्रश्न पडावा.

"अगदी सोपं आहे," साने म्हणाले. "स्टिअरिंगखाली सॉकेट असतं, त्यात हे लावायचं, पडद्यावर नंबर येतो. दोन मिनिटं."

मग ते स्टिअरिंगखाली वाकले आणि बराच वेळ वर आले नाहीत. वर आले तेव्हा सदऱ्याला एक डाग होता.

"सॉकेट नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे ही गाडी त्याच्या आधीची आहे. आमचं मशीन हिच्याशी बोलू शकत नाही."

"पाटीवर तर लिहिलंय, आम्ही ऐकतो."

साने मनापासून हसले, म्हणून मी त्यांना माफ केलं. माझी फेरी फुकट जाऊ नये, असं त्यांना फार वाटत होतं. मी पिण्याचं पाणी आणायला गेले, तेवढ्यात त्यांनी जाता जाता माझ्यावर एक उपकार केला. मी परत आले, तर ते रुमालाला हात पुसत उभे. "तुमचा फ्यूज काढून परत घातला, आजी. दिवा घालवून दिलाय. शुल्क काही नाही."

मी मटकन सोफ्यावर बसले. दोन दिवस जपून आणलेला दिवा! साने बिचारे गोंधळले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुणी दिवा घालवल्याबद्दल रागवत होतं.

दादरला येऊन उपाशी परत जाणं शिष्टाचाराला धरून नाही. मी एका जुन्या उपाहारगृहात थालीपीठ आणि पीयूष घेतलं. गिरगावात थालीपीठाबरोबर लोणी आपणहून येतं. दादरला ते मागावं लागतं आणि मागितल्यावर वाढपी असं पाहतो, जणू आपण डॉक्टरांना फसवतोय. पीयूष मात्र त्यांचं सरस. हे मी गिरगावात बोलणार नाही.

गुरुवार: लालबाग, पण आधी चुकून परळ

तात्या परबांना फोन केला होता. "येवा," एवढंच म्हणाले.

लालबागचा उड्डाणपूल ही मोठी सोय आहे, फक्त लालबागला जायचं नसेल तर. खालच्या रस्त्याला लागा अशी पाटी कुठेतरी असणार. मला ती दिसली नाही. मी पुलावर चढले आणि तात्यांच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून, लोकांच्या दोरीवरचे परकर आणि कुंड्यांतल्या तुळशी बघत, लालबागच्या डोक्यावरून गेले. पूल उतरले तो परळ. गिरण्यांची धुराडी होती तिथे आता काचेचे मनोरे आहेत. त्यांच्या पायथ्याशी वळून मी खालच्या रस्त्याने परत आले.

लालबाग डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. मसाल्याच्या दुकानांतून मिरच्यांची पोती उघडी असतात आणि डंख चालू असतात. डंख म्हणजे मसाला कुटायचं यंत्र. लाकडी दांडे वरखाली होतात आणि आख्खी गल्ली ठेका धरते. मी पाच शिंका दिल्या. कुणी वळूनही पाहिलं नाही. तिथे पाहुणा शिंकेवरूनच ओळखतात.

तात्या चाळीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. बनियन, घडी घातलेली लुंगी, कानावर पेन्सिल. शेजारी परबवहिनी मासे विकणारीशी हुज्जत घालत होत्या. गिरगावात आपण पाहुण्याला विचारतो, "चहा घेणार का?" तो नको म्हणाला की दोघेही सुटतात. इथे कुणी विचारलंच नाही. मी गाडीतून उतरायच्या आत कप हातात होता.

"दिवो खंय आसा?" तात्यांनी विचारलं.

"विझलाय."

"मगे वाचू काय? कोरो कागद?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "फ्यूज कोणी काडल्यान?"

"दादरच्या सानेंनी. उपकार म्हणून."

"दादरचे ते," तात्या म्हणाले. एवढ्या दोन शब्दांत त्यांनी दादरची पुरी संभावना केली.

आधी दिवा लागायला हवा होता. सोमवारी तो गचका बसून लागला होता, हे ऐकल्यावर तात्यांनी निर्णय दिला: "खड्डो व्हयो."

मग आम्ही तिघं, मी चालवायला, तात्या शेजारी, वहिनी मासे घरात ठेवून मागच्या सीटवर, खड्डा शोधायला निघालो. मुलांनो, मी जन्मभर मुंबईत राहिले. खड्डा शोधायची वेळ माझ्यावर येईल असं कुठल्या ज्योतिषाने सांगितलं असतं, तर मी त्याला हाकलून दिलं असतं.

"हंय होतो मोठो," वहिनी एका कोपऱ्यावर म्हणाल्या. "आमच्या शेजारणीचो पाय मोडलो होतो त्येच्यात."

तिथे गुळगुळीत काँक्रीट.

"मेल्यांनी परवाच बुजवल्यानी!" वहिनींच्या आवाजात खरं दुःख होतं.

दुसऱ्या गल्लीतही काँक्रीट. तिसऱ्या गल्लीत पेव्हर ब्लॉक. तात्या खिडकीतून ओळखीच्यांना विचारत होते, "रे, खड्डो खंय गावात?" आणि लोक, आम्ही तक्रार करायला आलेले समजून, उत्साहाने पत्ते देत होते. शेवटी पुलाखाली, एका तुंबलेल्या गटाराशेजारी, एक जुना मानाचा खड्डा सापडला. मी गाडी त्यात घातली. दणका बसला, वहिनींच्या तोंडून देवाचं नाव निघालं आणि तात्यांनी टाळी वाजवली. "लागलो!"

चाळीपाशी परत आलो. तात्यांनी बॉनेट उघडून बॅटरीजवळची एक धुळकट पेटी दाखवली. आत छोटी छिद्रं. त्यांतली दोन विशिष्ट छिद्रं तारेने जोडली की हा नारिंगी दिवा लुकलुकून नंबर सांगतो. आधी दशक, मग थोडं थांबून एकक. प्रत्येक नंबर तीन-तीनदा, कारण माणसाला एकदा सांगून कळत नाही, हे गाडी बनवणाऱ्यांनाही ठाऊक होतं. मशीन नको, पडदा नको. तात्यांची तार सापडेना, म्हणून मी अंबाड्यातला केसांचा आकडा काढून दिला. तो त्या दोन छिद्रांत असा बसला, की जणू त्यासाठीच केला होता.

मी वही-पेन घेऊन स्टिअरिंगसमोर बसले. तात्या पेटीपाशी उभे राहिले आणि त्यांच्या जागी वहिनी पुढे येऊन बसल्या. "मोजा."

एक लुकलुक. मग एक, दोन, तीन.

पुन्हा. आणि पुन्हा. मी तीनदा लिहिलं: तेरा, तेरा, तेरा.

तात्यांनी घरातून हाताने लिहिलेला एक पिवळा कागद आणला. त्यावरून बोट खाली गेलं आणि तेरावर थांबलं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि परत तिथेच खोचली.

"सांगा," मी म्हटलं.

"धुराच्या नळीतलो सेन्सर. ह्या गाडीचो आता मिळूचो नाय, बाई. दोन वर्सां मीच शोधतंय एका गिऱ्हाइकासाठी."

मी वही मिटली. लेखी दिलं होतं. शनिवारी चावी द्यायची. सुमनताईला कसं सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवू लागले. इंग्रजीत जुळवली, कारण इंग्रजीत वाईट बातमी थोडी दुसऱ्याची वाटते.

तेवढ्यात शेजारच्या सीटवरून परबवहिनी म्हणाल्या, "तेरा खंय? चौदा."

"तेरा, वहिनी. मी तीनदा मोजलंय."

"मी पण तीनदा बगलंय. एक, मगे चार."

"मी पस्तीस वर्षं मुलींची उपस्थिती मोजली आहे."

"मोजा हो. पण शेवटची पोरगी दिवसा तुमका दिसूक नाय."

तात्यांनी वाद मिटवायला माझा केसांचा आकडा पुन्हा लावला आणि काचेवर आपला टॉवेल टाकून अंधार केला. मी नाक जवळजवळ डॅशबोर्डला टेकवलं. एक. मग एक, दोन, तीन... आणि तिसरीला चिकटून एक अगदी पुसट, ओल्या कागदावर शाईचा डाग पसरावा तसं काहीतरी. चार.

तात्यांचं बोट कागदावर एक ओळ खाली सरकलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "पाण्याच्या तापमानाचो सेन्सर! वायर आसतली. वायर!"

ते बॉनेटमध्ये शिरले. पण वहिनी जागच्या हलल्या नाहीत.

"बाई, उजवो डोळो झाका. बाजूच्या दुकानाची पाटी वाचा बगू."

मी डोळा झाकला. खिडकीबाहेर पाटी नव्हती; लाल रंगाचं धुकं होतं. दुसरा डोळा झाकला. धुकं जरा विरळ झालं, अक्षरं मात्र नव्हतीच.

"मसाल्यामुळे," मी म्हटलं. "सकाळपासून डोळ्यांत जातोय."

"तिखटान डोळे झोंबतत. अक्षरां पुसली जात नाय." वहिनींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मोतीबिंदू. माझ्या दोनय डोळ्यांत होतो. शिमग्याक काडलो. मी पण तवसर उजेडाकच नावां ठेवी."

तात्यांना बिघाड सापडला. वायर बाहेरून धडधाकट, आत तुटलेली; गचका बसला की सुटायची. "सेन्सर सुटलो की गाडीक वाटता, आपण अजून थंड आसंव," त्यांनी सांगितलं. "म्हणान पेट्रोल ढोसता." कथिलाचा डाग देऊन, टेप गुंडाळून त्यांनी वायर जोडली, नंबर पुसला आणि केसांचा आकडा पुन्हा लावला. एक लुकलुक, मग दोन. ही मोजायला मी वहिनींना सांगितलं. बारा म्हणजे काहीही बिघाड नाही.

जेवूनच जायचं असा हुकूम झाला. घावणे, कोळंबीचं सुकं आणि सोलकढी. मी तीन घावणे खाल्ले आणि मनात हिशेब केला. तुमच्या बाबांना सांगायला माझ्याकडे एक पूर्ण खरं वाक्य होतं: नंबर चौदा, वायर तुटली होती, जोडली, दिवा गेला. तेवढ्यावर गाडी राहत होती. बाकीचं कुणी विचारलंच नव्हतं. पण दिवा घालवायचा आणि तक्रार वाचायची नाही, याच गोष्टीवरून गेले चार दिवस मी अर्ध्या गावाला झाडत फिरले होते. फेलिक्सचं एक वेळ ठीक; तो निदान कॉफी तरी देतो.

जेवण झाल्यावर मी चावी तात्यांपुढे ठेवली. "मला गिरगावला सोडाल का?"

"तांच म्हणूचा होता," तात्या म्हणाले. "पण तुमी बाई शाळेतले. म्हटला, मारशात."

आपल्या गाडीत डाव्या सीटवर बसून मी पहिल्यांदाच घरी आले.

संध्याकाळी फोनवर तुमच्या बाबांना सगळं सांगितलं, चौदा आणि मोतीबिंदू, दोन्ही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आई, मी गाडीचं बोलत होतो."

"मीही. गाडी राहणार. डोळे नीट होईपर्यंत मी तिला हात लावणार नाही. हेही लेखी देते."

सुमनताईला सांगणं अवघड गेलं. ती म्हणाली, "म्हणजे इतके सोमवार तू मला अंदाजाने फिरवलंस?"

"काहीसं."

"वाटलंच मला. गेल्या खेपेला तू बंदरावर एका खांबाला 'जरा सरकता का' म्हणालीस." मग आवाज उतरला. "किती सोमवार जातील?"

"डॉक्टर सांगतील तितके."

"जाऊ देत. मी खिडकीशी आहे. कुठे पळतेय?"

शनिवार: पुन्हा दादर

जुन्या गाड्या घेणारा माणूस ठरल्या वेळी आमच्या दारात आला, टेम्पो आणि जाड दोरखंड घेऊन. तुमच्या बाबांनी त्याला नको म्हणून कळवायचं होतं, ते विसरले. (त्यांच्या दिव्याचा नंबर आपण नंतर कधीतरी काढू.) माणूस भला होता. गाडीभोवती फिरला, टायरवर थाप मारली.

"देताय ना, मावशी? इंजिन गेलंय म्हणाले."

"इंजिन ठीक आहे. चालवणारी दुरुस्तीला चालली आहे."

त्याने माझ्या हातातली पिशवी पाहिली, काळा चष्मा पाहिला. "कुठे?"

"दादरला. डोळ्यांचे डॉक्टर."

"मग बसा की. मी रिकामाच चाललोय तिकडे. खाली हात गेलो तर बोहनी खराब होते."

तेव्हा मी टेम्पोच्या पुढच्या सीटवर, मांडीवर पिशवी आणि पायाशी दोरखंड घेऊन, दादरला गेले. दवाखान्याच्या फाटकात टेम्पो शिरू लागताच वॉचमन शिट्टी फुंकत धावत आला.

"ओ, भंगाराची गाडी पुढून नाही! सामान काय आहे?"

टेम्पोवाल्याने माझ्याकडे पाहिलं.

"मीच आहे," मी म्हटलं आणि खाली उतरले.